मोठ्या नदीवर गळाने मासेमारी : पाण्याची स्थिती आणि काठापर्यंतची वाट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे मोठ्या, बारमाही आणि बहुधा धरणांनी नियंत्रित केलेल्या नदीच्या एखाद्या पट्ट्यावर गळ टाकणाऱ्यांसाठी आहेत. तलावावर किंवा ओढ्यावर शिकलेल्या कित्येक गोष्टी येथे लागू पडत नाहीत, आणि बहुतेक प्रश्नांचे मूळ नेमके तेथेच असते.

निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा की नदीचा विसर्ग?

विसर्ग. आपल्या डोक्यावर ऊन असो वा ढग, समोरून वाहणारे पाणी हे वरच्या खोऱ्यात काही तासांपूर्वी किंवा काही दिवसांपूर्वी पडलेल्या पावसाचे, वितळलेल्या बर्फाचे किंवा धरणाच्या दारांतून सोडलेले असते. त्यामुळे आपल्या गावचे आकाश पाहून नदीचा अंदाज बांधणारा माणूस मोठ्या नदीवर पुन्हा पुन्हा फसतो. पुष्कळशा मोठ्या नद्यांवर मापन केंद्रे असतात आणि त्यांच्या नोंदी जलविभागाकडून प्रसिद्ध होतात. त्या नोंदींतील आजचा एकच आकडा पाहून मात्र काही कळत नाही. सेकंदाला ८०० घनमीटर हा एका नदीसाठी पूर असतो, तर दुसऱ्या नदीसाठी उन्हाळ्यातला क्षीण प्रवाह. पाहायचा असतो तो कल : गेल्या दोन दिवसांत रेषा चढते आहे, उतरते आहे की स्थिर आहे. माझ्या मते हा आलेख पाहिल्याशिवाय आमिष विकत घेण्यातही अर्थ नाही.

मापन केंद्रावर पातळी ३ मीटर दिसते. म्हणजे नदी ३ मीटर खोल आहे का?

नाही. मोजपट्टीचे शून्य सोयीनुसार ठरवलेले असते आणि त्याचा नदीच्या तळाशी संबंध असेलच असे नाही. पातळी म्हणजे त्या शून्यापासून पाण्याच्या पृष्ठभागाची उंची. विसर्ग म्हणजे त्या ठिकाणाहून सेकंदाला वाहून जाणारे पाणी, जे घनमीटरमध्ये किंवा घनफुटांत, म्हणजे क्युसेकमध्ये सांगतात. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, हे लक्षात ठेवले की दोन्ही प्रकारच्या नोंदी वाचता येतात. मोठ्या पुरानंतर तळ खरवडला जातो किंवा गाळाने भरतो, आणि मग पूर्वीच्या पातळीला पूर्वीइतकेच पाणी असेल असे गृहीत धरता येत नाही. गेल्या वर्षी ज्या पातळीला एखादा खडक उघडा पडत होता, त्या पातळीला तो यंदा दिसला नाही, तर दोष मोजपट्टीचा नसतो.

वरच्या धरणातून पाणी सोडले, तर ते आमच्या पट्ट्यात किती वेळात पोहोचेल?

नेमके उत्तर पात्राचा उतार, रुंदी आणि खडबडीतपणा यांवर अवलंबून असते, परंतु ढोबळ हिशेब करता येतो. पाणी चढवणारी लाट ही खुद्द पाण्याच्या सरासरी वेगापेक्षा जलद, साधारण दीडपट वेगाने पुढे सरकते. पाणी सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर वाहत असेल, तर लाट ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास चालते आणि ६० किलोमीटरवर पोहोचायला तिला अकरा तास लागतात. पाणी भरून वाहत असेल तर हाच वेळ बराच कमी होतो.

या हिशेबात एक धोक्याची गोष्ट दडलेली आहे. लाट पाण्याच्या पुढे धावते, याचा अर्थ पातळी आधी वाढते आणि वरचे गढूळ पाणी नंतर येते. आधी चढणारे पाणी हे पात्रात अगोदरपासून असलेले, पुढे ढकलले गेलेले पाणी असते, आणि ते बऱ्यापैकी नितळ असू शकते. ‘पाणी स्वच्छ आहे, म्हणजे वर काही घडलेले नाही’ हा तर्क म्हणून चुकीचा आहे. काठाशी एक काडी रोवून ठेवावी आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे पाहावे. यापेक्षा साधे आणि खात्रीचे साधन मला माहीत नाही.

जलविद्युत केंद्राखालच्या पट्ट्यात तर पावसाचा थेंबही न पडता दिवसातून एकदा-दोनदा पातळी वरखाली होते, कारण विजेची मागणी वाढली की जनित्रे सुरू होतात. अशा नदीवर विसर्गाचे वेळापत्रक प्रसिद्ध होत असेल तर ते पाहावे, मात्र ते केव्हाही बदलू शकते असे धरूनच उभे राहावे.

चढत्या पाण्यात मासा चांगला लागतो की उतरत्या?

सर्व जातींना आणि सर्व नद्यांना लागू पडेल असे उत्तर नाही, तरी एकाच दिवसाची सुटी मिळणार असेल, तर पूर ओसरून पाणी हळूहळू उतरत आणि निवळत असताना जावे, असे मी सांगेन.

पाणी चढू लागते तेव्हा पहिले काही तास मासे सैरभैर नव्हे, तर उद्योगी असतात. काठावरचे गवत, मुळ्या, खळगे यांत पाणी शिरते, त्यांतील किडे, गांडुळे आणि गोगलगाई मोकळ्या होतात आणि मासे मुख्य धार सोडून काठाकडे सरकतात. अशा वेळी दूरवर गळ फेकणारा मनुष्य मासे पाठीमागे टाकून रिकाम्या पाण्यात शोध घेत असतो; पाच-सात मीटरवरचे मंद पाणी त्यापेक्षा भरवशाचे. पुढे वेग वाढला, ओंडके व पालापाचोळा वाहू लागला आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, दर दोन मिनिटांनी कचऱ्याने जड होऊ लागला, की थांबावे. मासे तेथे असतात, पण आमिष त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

पाणी उतरू लागले की पूरमैदानात पसरलेले पाणी लहान-मोठ्या चरांमधून नदीत परत येऊ लागते आणि त्याबरोबर खाद्य व लहान मासे बाहेर पडतात. या चरांची तोंडे म्हणजे उतरत्या पाण्यातील हमखास जागा, कारण मोठे मासे तेथे चराच्या दिशेने तोंड करून वाट पाहत असतात. अतिशय वेगाने पाणी उतरले तर मात्र मासे उथळ भागातून घाईने खोल पाण्यात जातात आणि दिवसभर आमिषाकडे पाहतही नाहीत. बऱ्याच दिवसांच्या स्थिर पाण्यात मासे ठरलेल्या जागी सापडतात, परंतु सावधही असतात.

पाणी किती गढूळ असेल तर परत फिरावे?

पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती कोणत्या खोलीला दिसेनाशी होते ते पाहायचे, ही पद्धत अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये रूढ केली आणि ती आजही वापरली जाते. गळ टाकणाऱ्याला तबकडीची गरज नाही. पांढरे झाकण तंगुसाला बांधले तरी काम भागते. पाईक, ट्राउट यांसारखे डोळ्यांनी शिकार करणारे मासे हवे असतील, तर निदान अर्धा मीटर दृश्यता असावी. मिशा असलेले तळचर मासे वास, चव आणि स्पर्श यांवर खाद्य शोधतात, शिवाय माशाच्या अंगावरील पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते. त्यांच्यासाठी चहासारखे पाणीही अडचणीचे नाही. गढूळपणा वाढत असेल तर तो कमी होत असलेल्या गढूळपणापेक्षा वाईट, दृश्यता दोन्हीकडे सारखीच असली तरी.

उन्हाळ्यात डोहाच्या तळाशी पाणी थंड असते, म्हणून मासे तेथे जातात, हे खरे आहे का?

तलावात खरे आहे. वाहत्या मोठ्या नदीत बहुधा नाही. प्रवाहामुळे वरचे आणि खालचे पाणी सतत घुसळले जाते, त्यामुळे पृष्ठभाग आणि तळ यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही. डोहात मासे जातात ते मंद वेग, अंधार आणि सुरक्षितता यांसाठी. खरोखर थंड पाणी हवे असेल, तर ते झऱ्यांच्या तोंडाशी, सावलीतून येणाऱ्या उपनदीच्या संगमावर किंवा जलाशयाच्या तळातून पाणी सोडणाऱ्या धरणाखाली शोधावे.

तापमानाचा प्रश्न खरे तर प्राणवायूचा आहे. समुद्रसपाटीवर १० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना केवळ ७.६. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. ट्राउट आणि सामन यांच्यासाठी २० अंश ही धोक्याची घंटा मानतात आणि अनेक ठिकाणी त्यापुढे मासेमारी स्वेच्छेने किंवा आदेशाने थांबवली जाते. कार्पसारखे मासे याहून बरीच उष्णता सोसतात, पण त्यांनाही भर उन्हाळ्यात पहाटेचा मंद प्रवाह सर्वांत त्रासदायक असतो, कारण पाणवनस्पती रात्रभर प्राणवायू वापरत असतात. वनस्पतींनी भरलेल्या संथ पाण्यात पहाटे मासा लागत नाही आणि खळाळाखाली लगेच लागतो, त्याचे कारण हेच.

अर्धा किलोमीटर रुंद पात्रात गळ टाकायचा तरी कुठे?

रुंदीकडे पाहून घाबरू नये; पात्राचा बराच भाग माशांच्या दृष्टीने रिकामा असतो. माशाला वेगवान पाण्याने आणलेले खाद्य हवे असते, पण वेगवान पाण्यात उभे राहण्याचे कष्ट नको असतात. म्हणून तो या दोन पाण्यांच्या सीमेवर राहतो. ही सीमा पृष्ठभागावर शिवणीसारखी दिसते : एका बाजूला सरळ धावणारी धार, दुसऱ्या बाजूला संथ किंवा उलटे फिरणारे पाणी आणि मध्ये फेसाची व पाचोळ्याची रेघ. बुडलेला खडक, पुलाचा खांब, पडलेले झाड, काठातून पाण्यात घुसलेला दगडी बांध, या सर्वांच्या मागे ती तयार होते. नौकानयनासाठी बांधून काढलेल्या ऱ्हाईनसारख्या नद्यांत काठाला काटकोनात बांधलेले दगडी धक्के असतात आणि दोन धक्क्यांमधले शांत पाणी व त्यांच्या टोकाशी खणला गेलेला खड्डा या तेथील नेहमीच्या जागा होत.

वळणावर बाहेरचा काठ खणला जातो, तेथे पाणी खोल असते. आतल्या बाजूला वाळू साठते. पाणी वाढले की आतली बाजू, पाणी कमी असताना बाहेरची, असा साधा नियम बहुतेक वेळा उपयोगी पडतो. बाहेरच्या काठावर मात्र कडेला उभे राहू नये, कारण पाण्याने तो खालून पोखरलेला असतो आणि वरून ते दिसत नाही. दोन नद्यांचे पाणी संगमानंतर लगेच मिसळतेच असे नाही. ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ काळसर रिओ नेग्रो आणि मातकट सोलिमोईस या नद्या सुमारे ६ किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात. इतके भव्य उदाहरण प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, पण गढूळ मुख्य नदीत निवळ उपनदी मिळते तेथेही काही अंतरापर्यंत अशीच रंगाची सीमा राहते, आणि तिच्या निवळ बाजूला आमिष टाकावे.

धरणाच्या पायथ्याशी मासे खूप असतात. तेथे उभे राहता येईल का?

मासे असतात हे खरे : वर जाणारे मासे तेथे अडतात आणि जनित्रांतून आलेले अर्धमेले लहान मासे आयते खाद्य होतात. पण बहुतेक धरणांखाली प्रवेशबंदीचा पट्टा आखलेला असतो, आणि तो केवळ कागदोपत्री नसतो. भोंगा वाजल्यानंतर पाणी येईपर्यंत मिळणारा वेळ काही मिनिटांचाच असू शकतो. भोंगा ऐकला की साहित्य गोळा करत बसू नये.

कमी उंचीच्या, वरून पाणी सांडणाऱ्या बंधाऱ्यांबद्दल अधिक कठोर शब्दांत सांगणे भाग आहे. माणसाएवढ्याच उंचीचा, दिसायला निरुपद्रवी असा बंधारा पायथ्याशी पाण्याचा आडवा भोवरा तयार करतो. पृष्ठभागावरचे पाणी उलट बंधाऱ्याकडे वाहते आणि त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा खाली दाबली जाते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने तरंगण्याचे बळही कमी मिळते. पट्टीचा पोहणाराही तेथून सुटत नाही. होडी वरून नको, खालूनही जवळ नको.

पाण्यात उतरून मासेमारी करणे कितपत सुरक्षित आहे?

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा जोर चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाण्यातील अनुभव मांडीभर पाण्यात कामाला येत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील प्रवाह मोजणारे कर्मचारी एक नियम पाळतात : फुटांतील खोली आणि सेकंदाला फुटांतील वेग यांचा गुणाकार १० किंवा त्याहून अधिक असेल, तर पाण्यात उतरायचे नाही. ही मर्यादा रोजचा सराव असलेल्या माणसांची आहे. इतरांनी ती निम्मी धरावी, असे माझे मत आहे. वेग मोजण्यासाठी काठाने दहा फूट अंतर आखून त्यात काडी वाहायला किती सेकंद लागतात ते पाहिले की पुरे. तीन फूट खोल पाण्यात काडी पाच सेकंदांत गेली, तर वेग २ आणि गुणाकार ६ होतो. तेथे मी उतरणार नाही.

पाणी बर्फासारखे थंड असेल, तर पडल्यानंतरचा पहिला मिनिट श्वासावर ताबा मिळवण्याचा, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडण्याची आणि शुद्ध हरपेपर्यंतचा अवधी साधारण तासाभराचा असतो. तो तास तरंगत राहिलेल्या माणसालाच मिळतो, म्हणून तरंगजॅकेट हवे.

नदी सार्वजनिक आहे, मग काठावर जाण्यापासून कोणी अडवू कसे शकते?

हा प्रश्न सर्वाधिक वादाचा आहे, आणि त्याचे कारण असे की ‘नदी’ या एका शब्दात पाणी, तळ, काठ आणि मासेमारीचा हक्क अशा चार वेगळ्या गोष्टी येतात. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या संहितेने नद्या सार्वजनिक असून त्यांत मासेमारी करण्याचा अधिकार सर्वांना आहे, असे म्हटले होते. तरी काठाची जमीन त्यातही शेजारच्या मालकाचीच मानली होती. पुढे प्रत्येक देशाने आपापला मार्ग धरला. अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९८५ च्या कायद्यानुसार साधारण भरपाण्याच्या खुणेच्या आत राहून कोणीही नदीने चालत जाऊ शकतो, परंतु तेथवर पोहोचण्यासाठी खासगी जमीन ओलांडता येत नाही. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीच्या वरच्या नदीत काठाचा मालक सर्वसाधारणपणे पात्राच्या मध्यापर्यंतच्या मासेमारीचाही मालक असतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जमिनीवरून आणि पाण्यावरून जबाबदारीने जाण्याचा व्यापक हक्क दिला, पण मासेमारी त्यातून स्पष्टपणे वगळली. म्हणजे काठाने चालणे कायदेशीर आणि त्याच काठावर गळ टाकणे बेकायदेशीर, अशी स्थिती असू शकते.

व्यवहारात पुलाजवळची शासकीय जागा, सार्वजनिक घाट किंवा होडी उतरवण्याचा उतार येथून सुरुवात करणे सोपे जाते. खासगी शेतातून जायचे असेल तर आधी विचारावे, फाटक जसे होते तसे ठेवावे. बंद झालेल्या वाटांपैकी कित्येक वाटा कायद्याने नव्हे, तर आडव्या लावलेल्या गाड्यांमुळे आणि टाकून दिलेल्या तंगुसामुळे बंद झालेल्या असतात. आणखी एक गोष्ट : वाळूच्या पट्ट्यावर जाताना कोरडा असलेला चर परतताना पाण्याखाली गेलेला असू शकतो. परतीची वाट चढलेल्या पाण्यातही उघडी राहील का, हे जाण्यापूर्वीच ठरवावे.

परवाना काढला. आता कुठेही गळ टाकता येईल ना?

नाही. परवाना हा शासनाचा असतो, परवानगी जागेच्या हक्कदाराची. इंग्लंडमध्ये १३ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो, आणि तो असूनही जागेची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिवाय नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात ट्राउट-सामन वगळता इतर गोड्या पाण्यातील माशांसाठी बंदी असते. जर्मनीत परवान्याआधी सहसा परीक्षा द्यावी लागते. भारतात १८९७ च्या कायद्यापासून सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्यास मनाई आहे. नदी दोन राज्यांची किंवा देशांची सीमा असेल, तर कोणाचा परवाना कोणत्या काठापर्यंत चालतो, हे लेखी नियमात पाहावे. शेजारच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये.

होडी नांगरताना काय काळजी घ्यावी?

नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून सोडावा. मागच्या बाजूने नांगरलेल्या होडीत प्रवाह थेट आत शिरतो आणि ती काही क्षणांत भरते. दोर खोलीच्या पाच ते सातपट लांब असावा आणि तो कापता येईल असा सुरा हाताशी असावा. जहाजांच्या मार्गात नांगर टाकू नये : वरच्या मिसिसिपीवर एकेक ताफा १५ बार्जेसचा, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांचा, असतो आणि त्याला लहान होडीसाठी थांबणे शक्य नसते.

वर विजेच्या तारा असतील तर?

तेथे थांबूच नये. कार्बनचा रॉड वीजवाहक असतो आणि तारेला स्पर्श न होताही वीज उडी मारू शकते. ब्रिटनमध्ये तारांपासून निदान ३० मीटर दूर राहण्याची सूचना दिली जाते. गडगडाट ऐकू आल्यास रॉड खाली ठेवून निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नये.

मासा सोडून द्यायचा असेल तर छायाचित्र काढावे का?

काढायचे असेल तर मासा पाण्यात ठेवून. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दमवलेल्या इंद्रधनुषी ट्राउटपैकी पाण्यातच ठेवलेले १२ टक्के मासे मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के आणि ६० सेकंद ठेवलेले ७२ टक्के. हा प्रयोग कठोर होता आणि प्रत्येक जातीला हे आकडे लागू पडत नाहीत, परंतु मासा हातात धरून कॅमेरा शोधणाऱ्यांना मी ते नेहमी सांगतो. हात ओले करावेत, गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून आपणहून सुटेपर्यंत धरावा.

दुसऱ्या नदीवर जाण्यापूर्वी साहित्य धुणे खरेच आवश्यक आहे का?

होय. शैवाल, शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले आणि रोगजंतू ओल्या बुटांतून व जाळ्यांतून प्रवास करतात. न्यूझीलंडने २००८ मध्ये नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाच्या, तळव्यांच्या बुटांवर याच कारणासाठी बंदी घातली, कारण नमदा दिवसेंदिवस ओला राहतो. चिखल व वनस्पती काढून टाकाव्यात, साहित्य धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. होडीतील साचलेले पाणी त्याच नदीच्या काठावर ओतावे. जाळ्याची शिवण आणि बुटांची आतली बाजू सर्वांत उशिरा वाळते, तेव्हा हात लावून पाहावी ती तीच.